डॉ. दीपक अमरापूरकर : मॅनहोलपलीकडची ओळख (दीर्घ धागा)

(१)
२९ ऑगस्ट २०१७. मुंबईत दिवसभर मुसळधार पाऊस कोसळत होता. सांताक्रूझ येथे त्या चोवीस तासांत तीनशे मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद झाली. बॉम्बे हॉस्पिटलमधील पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर घरी निघाले होते. रस्त्यावर पाणी तुंबल्यामुळे मोटार पुढे जाईना, तेव्हा ते उतरले आणि छत्री घेऊन प्रभादेवी भागातील घराकडे पायी चालू लागले. पाण्याखाली एक मॅनहोल उघडे होते. दोन दिवसांनी, ३१ ऑगस्टला, वरळी कोळीवाड्याजवळ समुद्रकिनारी त्यांचा मृतदेह सापडला. त्यांचे वय ५८ होते.

(२)
त्या घटनेनंतर त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले, परंतु एका विचित्र रीतीने. अमरापूरकर म्हटले की लोकांना मॅनहोल आठवते. ज्या कामासाठी त्यांनी आयुष्य वेचले ते काम मात्र वैद्यकीय नियतकालिकांच्या बाहेर फारसे कोणी सांगत नाही. इतिहासात असे पुष्कळांचे होते: शेवटचा दिवस लक्षात राहतो आणि त्याआधीची तीस वर्षे पुसली जातात. या धाग्यात आपण ती पुसलेली बाजू पाहू. त्यासाठी पोटविकारतज्ज्ञ नेमका कशाचा तज्ज्ञ असतो, हे आधी समजून घ्यावे लागेल.

(३)
सुरुवात मुंबईपासून दूर करू. बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यात, मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या रस्त्यावर बीबी हे गाव आहे. बीबीसारख्या कोणत्याही गावात पोटाच्या दुखण्यांना मोजकीच नावे असतात: कावीळ, मुरडा, ‘लिव्हरला सूज’, ‘आतड्याची टीबी’. ही नावे खोटी नाहीत, पण प्रत्येक नावाखाली निरनिराळे आजार एकत्र नांदत असतात आणि एकाचे औषध दुसऱ्याला अपायकारक ठरू शकते. पोटविकारशास्त्राचा इतिहास हा बऱ्याच अंशी अशी ढोबळ नावे सोडवून पाहण्याचा इतिहास आहे. पुढे आपण तीन नावे घेऊ.

(४)
त्याआधी या वाटेची लांबी पाहा. आपल्याकडे एमबीबीएस आणि त्यातील सक्तीची आंतरवासिता मिळून साडेपाच वर्षे लागतात. त्यानंतर सामान्य वैद्यकशास्त्रात एमडीची तीन वर्षे आणि मग गॅस्ट्रोएंटेरॉलॉजी या विषयात डीएमची आणखी तीन वर्षे. मध्ये एकही वर्ष वाया गेले नाही असे धरले, तरी साडेअकरा वर्षे झाली. अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंतचा मार्ग, शिवाय यकृत, पित्ताशय आणि स्वादुपिंड हे सारे या शाखेच्या कक्षेत येते. हा तज्ज्ञ शल्यचिकित्सक नसतो. तो मुख्यतः निदान करतो, औषधे देतो आणि दुर्बिणीच्या साह्याने काही उपचार करतो.

(५)
जिवंत माणसाच्या जठरात काय चालते, हे शतकानुशतके कोणीच पाहिले नव्हते. ही संधी एका अपघाताने दिली. १८२२ साली अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला बंदुकीची गोळी लागली. तो फरच्या व्यापारातील साधा मजूर होता. तो वाचला, पण पोटावरची जखम पूर्ण मिटलीच नाही. जठरापर्यंत एक छिद्र कायम राहिले. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्या छिद्रातून दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे आत सोडले, ठरावीक वेळाने बाहेर काढले आणि पचन ही रासायनिक क्रिया आहे हे दाखवून दिले. त्यांचा ग्रंथ १८३३ मध्ये प्रसिद्ध झाला. या शास्त्राच्या पायाशी एका गरीब माणसाचे उघडे पोट आहे, हे विसरू नये.

(६)
प्रत्येकाच्या पोटाला छिद्र नसते. मग आत पाहायचे कसे? १८६८ साली जर्मनीत ॲडॉल्फ कुसमाउल यांनी तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्या एका माणसाला गाठले आणि त्याच्या घशातून सरळ, ताठ नळी जठरापर्यंत उतरवली. नळी पोचली, पण उजेड पोचला नाही; तेव्हाच्या दिव्याचा प्रकाश फारच अपुरा होता. पुढे १९३२ मध्ये रुडॉल्फ शिंडलर यांनी अर्धवट वाकणारी दुर्बीण प्रत्यक्षात आणली. तरीही तपासणी रुग्णाला त्रासदायकच होती आणि जठराचे काही कोपरे नजरेआड राहत होते.

(७)
खरे वळण काचेच्या धाग्यांमुळे आले. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे मार्गदर्शक हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी १९५४ मध्ये लंडनहून दाखवून दिले, की बारीक काचतंतूंच्या जुडग्यातून संपूर्ण प्रतिमा वाकवून नेता येते. तो निबंध वाचून बेसिल हर्शोविट्झ हे तरुण पोटविकारतज्ज्ञ झपाटले. अमेरिकेतील मिशिगन येथे सहकाऱ्यांसह त्यांनी लवचीक एंडोस्कोप घडवला आणि १९५७ मध्ये तो प्रथम स्वतःच्याच घशात उतरवला. आज जिल्ह्याच्या ठिकाणी होणाऱ्या ‘दुर्बिणीच्या तपासणी’चे मूळ तिथे आहे.

(८)
दुर्बिणीने आतले दिसू लागले. पण दिसणे आणि ओळखणे यांत अंतर असते, आणि तज्ज्ञाचे खरे काम त्या अंतरातच सुरू होते. आता पहिले नाव घेऊ: कावीळ. डोळे आणि लघवी पिवळी झाली की आपल्याकडे कावीळ ‘उतरवण्याची’ रीत आहे. कुठे चुन्याच्या पाण्याने हात धुतात, कुठे हळूहळू लांब होत जाणारी माळ गळ्यात घालतात. पुष्कळ रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात आणि श्रेय माळेला मिळते. ते बरे का होतात आणि काही जण का दगावतात, याचे उत्तर शोधताना वैद्यकशास्त्रही बराच काळ चाचपडत होते.

(९)
डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ या काळात दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली. सुमारे २९,३०० लोकांना उघड कावीळ झाली. यमुनेचा प्रवाह बदलल्यामुळे नजफगडच्या नाल्याचे सांडपाणी शहराला पाणी पुरवणाऱ्या वजिराबादच्या उपसाकेंद्रापर्यंत उलटे आले होते. एक गोष्ट चक्रावणारी होती. त्या पाण्याने विषमज्वर वाढला नाही. जलशुद्धीकरणात वाढवलेल्या क्लोरीनने जिवाणूंना रोखले, पण काविळीचा विषाणू त्यातून निसटला. दुसरी गोष्ट भयंकर होती: गर्भवती स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी अधिक होते.

(१०)
हा विषाणू कोणता? तेव्हा सर्वांनी गृहीत धरले, की तो नेहमीचाच, म्हणजे पुढे ज्याला ‘हिपॅटायटिस ए’ म्हटले गेले तोच असावा. या गृहीतकाला तडा देणाऱ्या कामात पुण्याचा मोठा वाटा आहे. १९५२ मध्ये स्थापन झालेली पुण्यातील विषाणू संशोधन संस्था १९७८ मध्ये राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झाली. तेथील एम. ए. श्रीनिवासन, एस. आर. प्रसाद, खोर्शेद पावरी आणि अमेरिकेतील डी. सी. वाँग, रॉबर्ट पर्सेल यांनी दिल्लीच्या त्या जुन्या साथीतील जपून ठेवलेले रक्तद्रव नव्या चाचण्यांनी तपासले. १९८० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला: हा ‘ए’ नाही आणि ‘बी’ही नाही.

(११)
इतिहासप्रेमींनी या ठिकाणी क्षणभर थांबावे. चोवीस वर्षे शीतपेटीत जपलेल्या नमुन्यांनी एका प्रसिद्ध साथीचा इतिहास नव्याने लिहिला. त्याच वर्षी डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी काश्मीरमधील १९७८ च्या साथीवरून तसाच निष्कर्ष प्रसिद्ध केला. १९८३ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल बालायान यांनी रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः प्राशन केला, कावीळ ओढवून घेतली आणि विषाणूचे कण पाहिले. आज आपण त्याला ‘हिपॅटायटिस ई’ म्हणतो. पुण्याच्याच संस्थेत डॉ. विद्या अरणकल्ले यांनी पुढे अनेक वर्षे या विषाणूवर काम केले.

(१२)
आता बीबीतल्या काविळीकडे परत या. ‘ए’ आणि ‘ई’ची कावीळ बहुतेकांत आपोआप ओसरते, म्हणून माळेला यश येते. पण ‘ई’ गर्भवतीला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, प्राणघातक ठरू शकतो. ‘बी’ आणि ‘सी’ वर्षानुवर्षे गप्प राहून यकृत पोखरतात. पित्तनलिकेत खडा अडकला असेल तर तो काढावाच लागतो, आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगाचीही पहिली खूण कधी कधी फक्त पिवळे डोळे असते. लक्षण एक, रोग अनेक. माळेपाशी घालवलेले तीन आठवडे एखाद्याला काहीच बाधत नाहीत, तर दुसऱ्याला फार महाग पडतात.

(१३)
दुसरे नाव: आतड्याची टीबी. लहान आतडे मोठ्या आतड्याला जिथे मिळते त्या सांध्याजवळ क्षयरोग अनेकदा ठाण मांडतो. पोट दुखते, वजन घटते, ताप येतो. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातील बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांनी लहान आतड्याच्या त्याच शेवटच्या भागाला होणाऱ्या एका आजाराचे वर्णन केले. तो हुबेहूब क्षयासारखा दिसतो, पण त्यात क्षयाचे जंतू नसतात. शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर उलटते. हाच क्रोन्स डिसीज.

(१४)
भारतात बराच काळ अशी समजूत होती, की क्रोन्स हा पाश्चात्त्यांचा आजार. आपल्याकडे जे दिसते ते क्षयच. ही समजूत केवळ पुस्तकी नव्हती, ती रुग्णाच्या जिवावर येणारी होती. क्रोन्सवर संरक्षण यंत्रणेला आवर घालणारी स्टिरॉइडसारखी औषधे दिली जातात. तीच औषधे चुकून क्षयाच्या रुग्णाला दिली तर क्षय पेट घेतो. उलट क्रोन्सच्या रुग्णाला क्षयाची औषधे देत राहिले तर महिने वाया जातात आणि मूळ आजार आतडे अरुंद करत राहतो. आतड्याच्या तुकड्यात क्षयाचे जंतू प्रत्यक्ष सापडतातच असे नाही. त्यामुळे दुर्बीण, सूक्ष्मदर्शक आणि क्ष-किरण हाताशी असूनही डॉक्टर पेचात पडतो.

(१५)
अमरापूरकरांनी नेमका हा पेच हाती घेतला. २००८ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांसह ‘वर्ल्ड जर्नल ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजी’मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. विषय होता, जिथे क्षयरोग सर्वत्र आढळतो अशा भारतात क्रोन्सचे निदान कसे करावे. दोन्ही आजारांचे रुग्ण शेजारी शेजारी ठेवून त्यांनी तुलना केली. तक्रार किती महिन्यांची आहे, जुलाब आहेत की आतडे अडल्याची लक्षणे, गुदद्वारापाशी जखमा आहेत का, दुर्बिणीतून काय दिसते? रुग्णाजवळ बसून विचारलेल्या प्रश्नांना त्यात यंत्राइतकेच मोल होते. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकाला हा प्रश्न पडण्याचे कारणच नव्हते, कारण तिथे क्षय जवळपास संपला होता. तो प्रश्न इथल्याच डॉक्टरला विचारावा लागणार होता.

(१६)
तिसरे नाव सर्वांत घातक, कारण त्यात आरोप दडलेला आहे: ‘लिव्हर खराब झाले’. ऐकणारा लगेच मनात ठरवतो, की हा दारू पीत असणार. १९८० मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या युर्गन लुडविग आणि सहकाऱ्यांनी वीस रुग्णांची नोंद केली. त्यांच्या यकृताचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली मद्यपींसारखे दिसत होते, पण ते मद्यपी नव्हते. चरबी, सूज आणि व्रण, सारे तसेच. या आजाराला नावही नकारानेच मिळाले: मद्याविना होणारा यकृतदाह. मधुमेह आणि लठ्ठपणा यांच्याशी त्याचे नाते पुढे स्पष्ट झाले.

(१७)
रुग्णालयात फक्त आजारी माणसे येतात. समाजात आजार किती पसरला आहे हे तिथे बसून कळत नाही. म्हणून अमरापूरकर आणि सहकाऱ्यांनी मुंबईत थेट लोकवस्तीत पाहणी केली आणि हजाराहून अधिक व्यक्तींची सोनोग्राफी करून २००७ मध्ये निष्कर्ष मांडला. साधारण सहा जणांमागे एकाच्या यकृतात चरबी साठलेली होती आणि तिचे कारण मद्य नव्हते. त्याच वर्षी आशिया-प्रशांत भागातील देशांत हा आजार किती आढळतो याचा आढावा घेणाऱ्या निबंधाचेही ते प्रमुख लेखक होते. त्यांच्या पत्नी स्वतः पॅथॉलॉजिस्ट. काही निबंधांवर दोघांची नावे एकत्र दिसतात. एक रुग्णाकडे पाहणारा, दुसरी त्याच्या यकृताच्या तुकड्याकडे.

(१८)
हे मुंबईचे, सुखवस्तू माणसांचे दुखणे आहे असे कोणाला वाटेल. तसे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे आणि ब्रिटिश मित्र जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! बाहेरून सडसडीत दिसणारा भारतीय आतून तसा असेलच असे नाही. २०१० मध्ये बंगालमधील बीरभूमच्या ग्रामीण, गरीब आणि बहुतांशी सडपातळ लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिथेही सुमारे ८.७ टक्के लोकांच्या यकृतात चरबी आढळली. म्हणजे बीबीच्या शेतात राबणारा, कधी दारूला न शिवलेला माणूसही या आजारातून सुटलेला नाही. त्याला ‘पितोस का?’ एवढेच विचारून परत पाठवले, तर आजार राहतो आणि वर बदनामीही पदरी येते.

(१९)
तीन नावे, तीन गृहीतके: कावीळ म्हणजे एकच रोग, आतड्याचा व्रण म्हणजे क्षय, बिघडलेले यकृत म्हणजे दारू. प्रत्येक गृहीतक कोणीतरी चिकाटीने नोंदी ठेवून, आपल्याच माणसांकडे पाहून मोडले. पुण्यातील शीतपेटीतले रक्तद्रव असो वा मुंबईच्या वस्तीतली सोनोग्राफी, पद्धत तीच होती. पोटविकारतज्ज्ञाचे कौशल्य दुर्बीण सफाईने उतरवण्यात असते, हे खरे. पण दुर्बीण विकत मिळते. ‘हे तेच आहे, याची खात्री काय?’ हा प्रश्न विकत मिळत नाही. अमरापूरकरांची कारकीर्द त्या प्रश्नाभोवती उभी होती.

(२०)
आणि शेवटी पुन्हा ते मॅनहोल. त्यांच्या मृत्यूनंतर झाकणाखाली संरक्षक जाळ्या बसवण्याचा विषय मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. दिल्लीची १९५५ ची साथही गटाराच्याच पाण्याने आली होती, हे येथे आठवते. पोटाच्या आरोग्याची पहिली जबाबदारी कोणत्याही डॉक्टरच्या आधी शहराच्या सांडपाण्यावर आणि गावाच्या विहिरीवर असते. ज्याने यकृताचे आजार निवडून वेगळे करण्यात आयुष्य घालवले, त्याचा अंत शहराच्या निचऱ्याच्या नळीत व्हावा, यावर अधिक काही बोलवत नाही.

(२१)
मित्रहो, एक छोटे काम तुमच्यासाठी. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, की आजोबा, पणजी, आत्या कशाने गेल्या? पुष्कळदा उत्तर येईल: ‘काविळीने’, ‘पोटाच्या दुखण्याने’. पुढचे प्रश्न हळूच विचारा. किती दिवस आजारी होत्या? ताप होता का? बाळंतपण जवळ आले होते का? त्या वर्षी गावात आणखी कोणाला झाले होते का? नीट उत्तरे लिहून ठेवा. निदान करण्याच्या भरीस पडू नका. ते आपले काम नाही. पण एका शब्दात गुंडाळलेल्या माणसाची हकीकत त्यामुळे थोडी उलगडेल. अमरापूरकरांनाही आपण आजवर एका शब्दात गुंडाळत आलो. पुढच्या वेळी त्यांचे नाव निघाले, तर मॅनहोलच्या आधी त्यांचे काम सांगा.